गलबत किती देतं?

खारेपाटणला सापडलेला ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याच्या काळातलं ते देवळासाठीचं दानपत्र. त्यात गावं आहेत, आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनंही आहे. हा मजकूर वाचून छापण्याची खटपट केली ती जवळच्याच पोंभुर्ल्याच्या आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांनी. म्हणजे वृत्तपत्रवाल्यांचा या भानगडीशी संबंध जुना आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की या मुलखात वाहन दिसलं की पहिला प्रश्न हजार वर्षं तोच आहे: हे किती देतं?

गलबतं गेली. बंदराचं गाव हायवेवरचं गाव झालं. प्रश्न मात्र जागेवर राहिला. आमच्या वाडीतल्या तात्यांनी मुंबईची नोकरी संपवून छोटी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा ब्रेक कसे, एअरबॅगा किती, सर्व्हिसिंगला कुठे न्यायची, हे कोणी विचारलं नाही. पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर एकच चौकशी.

"तात्यानु, गाडी किती देता?"

"पंचवीस देता म्हणता शोरूमवालो."

"आणि एसी लावलास तर?"

"एसी कित्याक होयो? काच खाली केलंय की काम झाला."

तात्यांचं उत्तर त्यांना वाटतं त्यापेक्षा शास्त्रीय आहे. कंपनीच्या कागदावरचा आकडा येतो चाचणीतून, आणि ती चाचणी करणारी आपली नावाजलेली संस्था म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला बसलेली एआरएआय. तिथे गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी राहते, चाकं तिथल्या तिथे फिरतात, एसी बंद असतो. वीसेक मिनिटांत साधारण साडेदहा किलोमीटरचा प्रवास होतो, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास आणि कमाल वेग नव्वद. समोर म्हैस आडवी येत नाही. मागच्या सीटवर आतेभाऊ, त्याची बायको, दोन मुलं आणि नारळाचं पोतं नसतं. करूळचा घाट नसतो. तो घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा कोल्हापूरला जाणारी वाहनं भुईबावड्याच्या अरुंद वळणांवरून दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढली. त्या काळात आमच्याकडे कोणाला आकडा विचारला, की तो माणूस विषय बदलून पावसावर यायचा.

या चाचणीत खोटं काही नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजलं, तर कोणती कमी पिते ते कळतं, आणि माप त्यासाठीच असतं. पण आपण तो आकडा तुलनेसाठी वाचत नाही, हुंडीसारखा वाचतो, आणि मग ती वटली नाही म्हणून मेकॅनिकशी भांडतो.

तात्यांनी वही काढली. निवृत्त माणसाच्या वहीला भ्यावं, कारण तिच्यात सगळे हिशेब बरोबर असतात आणि निर्णय चुकीचा असतो. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले. वीस देणाऱ्या गाडीला तीनशे लिटर लागतात, पंचवीस देणारीला दोनशे चाळीस. बचत साठ लिटर. एकशे पाच रुपयांचा भाव धरला तर सहा हजार तीनशे. या सहा हजार तीनशेंसाठी तात्यांनी जे मॉडेल पसंत केलं, ते सत्तर हजारांनी महाग होतं. म्हणजे अकरा वर्षांनी पैसे वसूल. "अकरा वर्सा काय, बघता बघता जातत," तात्या म्हणाले. वय वर्षं अडुसष्ट.

इथे एक गंमत आहे, ती टपरीवर कोणालाच पटत नाही. दहा देणारी जुनी जीप बारा देऊ लागली, तर याच सहा हजार किलोमीटरांत शंभर लिटर वाचतात. वीसची पंचवीस झाली तर साठच. दोन किलोमीटरची वाढ पाच किलोमीटरच्या वाढीला मागे टाकते. म्हणजे चिंता करायची ती जीपवाल्याने, पण तो बिचारा निवांत विडी ओढत असतो. चिंता करतो तो अगोदरच कमी पिणारी गाडी घेणारा.

बचतीचा दुसरा मार्ग वाडीतल्या तरुण मंडळींनी सुचवला: गोवा. तिथे पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त. बांद्या-सावंतवाडीच्या माणसाने पत्रादेवीला जाऊन टाकी भरली तर त्यात व्यवहार आहे. खारेपाटणहून जाऊन येऊन दोनशे किलोमीटर होतात. पस्तीस लिटरच्या टाकीत आठ रुपयांनी दोनशे ऐंशी वाचवायला हजाराचं पेट्रोल जाळायचं, वर टोलची भीती वेगळी. तरी मंडळी जातात, आणि येताना डिकी वाजत असते. ते द्रव्य इंजिनात घालायचं नसतं, म्हणून त्याचा हिशेब वहीत नाही.

इंजिनात जे जातं त्यातही आता घाटावरचा ऊस आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे आकडा घसरतो अशी ओरड झाली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की नव्या पेट्रोलला जुळवून घेतलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के आणि इतरांत तीन ते सहा टक्के फरक पडतो. तात्यांनी टक्के ऐकले आणि वही मिटून ठेवली.

आता सोयीचं बोलू. या भागात गाडीची परीक्षा एकाच दिवशी होते, तो चतुर्थीचा आदला दिवस. शाळेतून गणपती आणायचा. (मुंबईकरांसाठी: इथे मूर्ती घडते त्या जागेला शाळा म्हणतात.) दीड-दोन फुटांची मूर्ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं, मागे गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, केळीची पानं, तांदूळ, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी त्यांच्या बॅगांसह. ब्रोशरमध्ये डिकी लिटरमध्ये सांगतात. वॅगन आर ३४१, टियागो २४२, अल्टो के-टेन २१४. डिकीत लिटर कोण ओततं? आंब्याच्या पेट्या किती बसतात ते छापावं. सीएनजी घेतली तर किलोला तीस-बत्तीसच्या गप्पा होतात, पण सिलिंडर डिकीत पाय पसरून झोपतो आणि पाहुण्यांच्या बॅगा पाहुण्यांच्याच मांडीवर जातात. टाटांनी एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे करून ते खाली बसवले, ते शहाणपणाचं काम केलं. त्याच टाटांची नॅनो २००९ साली आली, तेव्हा तिची डिकी बाहेरून उघडतच नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

आणि या सगळ्या गाड्यांचं ढुंगण असं कापल्यासारखं का, तर चार मीटर. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली, छोट्या इंजिनाची गाडी करात सवलत खाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. आपली डिकी अभियंत्याने कमी आणि अर्थमंत्र्यांनी जास्त आखलेली आहे. वर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के रोड टॅक्स. रट्टराज गलबतामागे एक गद्याण घ्यायचा, याची इथे आठवण होते.

पावसाळ्यात शुक नदी बाजारात येते. ही बातमी नव्हे, वेळापत्रक आहे. त्या दिवशी ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर की १७०, यावर वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. पाच मिलिमीटरने काही होत नाही. बंद पडलेल्या गाडीला पाण्यात पुन्हा चावी मारली, की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि ते नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. ते कलम तात्यांनी घेतलं नाही. त्या पैशात त्यांनी सनरूफ मात्र बघून ठेवलं होतं. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात छताला भोक पाडून घेण्यासाठी माणूस ज्यादा पैसे मोजतो, आणि याच माणसाने तीस वर्षं दर उन्हाळ्यात कौलं शाकारली आहेत. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, ते सनरूफ रद्द केलं, एवढं बरं.

गाडी आली. एमएच-०७ ची पाटी, नारळ, हार, चाकाखाली लिंबू. आता ती ताडपत्रीखाली असते. कणकवली पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण तिथे तात्या आणि काकी एसटीने जातात. पासष्ट ओलांडल्यामुळे तात्यांना अर्धं तिकीट, २०२३ च्या मार्चपासून काकींनाही अर्धं. दोघं मिळून एक तिकीट. वहीत एसटीच्या रकान्यासमोर तात्यांनी दोनदा अधोरेखित करून 'उत्तम' लिहिलं आहे. गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ते तिला खळ्यात उभ्या उभ्या दहा मिनिटं चालू ठेवतात. त्या पेट्रोलचा हिशेब लिटरमागे शून्य किलोमीटर असा येतो, म्हणून तो वहीत 'देवाधर्म' या सदराखाली मांडला जातो.