खवल्यांची चौकशी

कोशर पाळणारा माणूस परदेशात उपाशी राहतो असं नाही. त्याला चौकशा फार कराव्या लागतात, एवढंच. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. घरी हा प्रश्न पडत नाही. मासा घ्यायचा तो पर आणि खवले असलेला; कोळंबी, खेकडे, तिसऱ्या दिसल्या की पुढच्या पाटीकडे वळायचं. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून नारळाचा रस. कोकणात त्याचं कसलं कौतुक!

कौतुक होतं ते विमानात. आगाऊ सांगितलेलं कोशर जेवण सगळ्यांच्या आधी येतं आणि शेजारी उगाचच आपल्याला बडी असामी समजतो. विमानातली भट्टी सगळ्यांची, म्हणून ताटली दुहेरी वेष्टनात सीलबंद. फॉइल, चिकटपट्टी, रब्बींचं प्रमाणपत्र, पुन्हा फॉइल. ही तटबंदी फोडून मी कोंबडीपर्यंत पोचते तोवर शेजाऱ्याचं जेवण आटोपून चहा आलेला असतो. वर कोंबडी खाल्लेली, म्हणजे माझा चहा बिनदुधाचा. धर्माने माझी खरी परीक्षा घेतली असेल तर ती इथे.

बँकॉकला उतरले आणि गल्लीगल्लीत नारळाच्या रसाचा वास. अगदी माहेरचा! पण हिरव्या करीच्या वाटणात ‘कपी’ असते, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. आमच्या जवळ्याच्या नात्यातलीच म्हणा ना. बरं, निव्वळ पपईची कोशिंबीर मागवावी तर तिच्यातही सुकी कोळंबी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हात टेकले आणि पिशवीतली घरची किटली काढून त्यात अंडी उकडायला लावली. त्यांच्या पिशवीत ट्यूनाचे डबे होतेच. सोललेल्या अंड्यात रक्ताचा ठिपका नाही ना, हे त्या खिडकीशी जाऊन चष्म्यातून तपासायच्या.

मग कुणीतरी पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षर दाखवलं. त्याचा उच्चार ‘जे’. अशा दुकानात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आत गेलो तर टेबलावर घाटकोपरचं जैन कुटुंब आधीच स्थानापन्न! ते लसणाबद्दल विचारत होते, मी कोळंबीबद्दल. मालकीणबाई दोघांनाही एकच मान हलवून उत्तर देत होत्या. जैन कुटुंबानं आग्रहानं ठेपले पुढे केले. सासूबाईंच्या मते दुकानातली कढईच संशयास्पद होती, पण ठेपल्यांवर त्यांनी मौन पाळलं. बरोबर कोक घेतला. तो प्यायला हरकत नाही ही कृपा अटलांटाच्या रब्बी टोबायस गेफन यांची. कंपनीने घटकांची यादी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांना तीत प्राण्याच्या चरबीचं ग्लिसरीन सापडलं, ते बदलून वनस्पतीजन्य आलं आणि 1935 मध्ये त्यांनी होकार दिला. चौकस माणूस, आमच्या सासूबाईंशी त्यांचं जमलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी रामबुत्री रस्त्यालगतच्या खबाद हाऊस या ज्यू केंद्रात गेलो. तिथे काहीच विचारायचं नव्हतं, समोर येईल ते बिनधास्त खायचं. भोवती सैन्यातून नुकती सुटलेली, पाठीवर बोचकी टाकून हिंडणारी इस्रायली पोरं. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी कसोल, धरमकोट, तिथल्या चहाच्या टपऱ्या अशी यादीच सुरू केली. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मी नक्की भारतातलीच ना, याची चौकशी सुरू झाली.