सेलिंग काय चाललंय?

बदलापूर पूर्वेला प्रत्येक सोसायटीत एक डॉलरकाका असतात. आमचे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. दुबई, व्हिएतनाम, युरोप, सगळं टूरवाल्यांबरोबर करून झालंय. आयफेल टॉवर कसा वाटला असं विचारलंत, तर "उंच आहे" एवढ्यात विषय संपतो. टॉवरखालच्या पाण्याच्या बाटलीचं विचारा, मग चहा सांगावा लागतो.

कुणाचा व्हिसा आला की काका पेढ्याआधी हजर. "कॅश किती नेताय?" एअरपोर्टवर घेऊ म्हणालात, तर ते डोळे मिटतात आणि काकू आतून पाणी आणतात. मग सूत्रं त्यांच्या हाती. एका खेपेला परकी नोटा तीन हजार डॉलरपर्यंतच, बाकीचं फॉरेक्स कार्डावर. रुपये पन्नास हजारांच्या वर गेले की रोख नाही चालायचं, चेक द्या किंवा खात्यातून पाठवा. हे नियम ते एवढ्या अधिकारानं सांगतात, की रिझर्व्ह बँकेनं मसुदा बदलापूरच्या कात्रपला पाठवून काकांची सही घेतली असावी.

मग भावाचा शोध. बदलापुरात विचारायचं, अंबरनाथला उतरून विचारायचं, आणि घ्यायचे उल्हासनगरला. कल्याणपर्यंतचा पास आहेच, म्हणजे प्रवास फुकट. उल्हासनगरच्या काउंटरवर काका नमस्कारही करत नाहीत. "सेलिंग काय चाललंय?" सांगितलेल्या भावातून दहा पैसे कमी करून घेतल्याशिवाय ते स्टुलावर बसत नाहीत. समोरच्या शेटच्या आजोबांनी सिंधमधलं घरदार सोडून इथल्या लष्करी बराकीत नव्यानं गल्ला मांडलेला. त्यांच्या नातवाला आमचे काका पैशाचं मोल समजावतात! शेट शेवटी म्हणतात, "काका, आप ही इधर बैठ जाओ." काका याला प्रशस्तिपत्र समजतात. पाचशे डॉलरवर दहा पैसे म्हणजे पन्नास रुपये वाचले. जाता-येता शेअर रिक्षा आणि दोन ग्लास उसाचा रस यांचा हिशोब काकू ठेवतात, पण तो वेगळ्या वहीत.

नोटा हातात आल्या की खरी परीक्षा. प्रत्येक नोट ट्यूबलाइटसमोर. घडी पडलेली परत, पेनाची रेघ असलेली परत, शिक्का मारलेली तर बघायचीच नाही. शंभराच्या नोटेवरच्या फ्रँकलिनचं डोकं मोठं पाहिजे. लहान डोक्याच्या जुन्या शंभराला तिकडचे नाकं मुरडतात. आणि सगळे शंभराचे नकोत, टिपेला पाच-दहाचे सुट्टे. पसंत पडलेल्या नोटा बनियनला आतून शिवलेल्या, चेन लावलेल्या खिशात जातात. दुबईच्या उन्हात तो खिसा उघडायला काकांना शर्टाची चार बटणं सोडावी लागली होती, मॉलच्या ऐन मध्यावर.

पण माणूस कामाचा, हे मान्य करायला हवं. त्याच मॉलमध्ये सुनेनं कार्ड दिलं आणि मशीननं विचारलं, रुपयांत घेऊ की दिरहॅममध्ये? सून रुपयांवर बोट ठेवणार, तोच परफ्यूमच्या दुकानातून आरोळी आली, "दिरहॅम दाब! दिरहॅम!" रुपये दाबले की भाव दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि चार-पाच टक्के सहज जातात. सिक्युरिटीवाला धावत आला, पण पैसे वाचले.

व्हिएतनाममध्ये पाचशे डॉलर मोडल्यावर कोटीच्या वर डोंग हातात आले. हनोईच्या हॉटेलात काका रात्रभर कोट्यधीश होते. सकाळी चाळीस हजारांची कॉफी बघून त्यांनी खोलीतल्या किटलीत पाणी उकळलं.

साठ-सत्तरच्या दशकात माणूस आठ डॉलर खिशात घालून परदेशी जायचा, हे ते असं सांगतात, की जणू स्वतःच गेले होते. वास्तविक त्या काळी काका सायकलवरून शाळेत जायचे.

परतल्यावर उरलेलं एकशे ऐंशी दिवसांत मोडायला हवं. दोन हजार डॉलरपर्यंत ठेवता येतात. काका ठेवतात, भाव चढेल म्हणून. नाणी मात्र कुणी घेत नाही, ती बोर्नव्हिटाच्या डब्यात.

यंदा काकूंना नेपाळला जायचं होतं. काकांनी चौकशी केली. भारतीय शंभराला नेपाळी एकशे साठ, १९९३ पासून तोच भाव, कुठंही विचारा. काकांचा चेहराच पडला. काकू महिला मंडळाबरोबर पशुपतिनाथाला जाऊन आल्या. काका घरीच राहिले; घासाघीस नसलेल्या देशात करायचं काय, म्हणाले.