सांगलीकर

गोरेगाव पूर्वेला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार नट भाड्याने राहतात. आईबापांनी चौघांनाही रीतसर नावं ठेवली आहेत, पण ती भाडेकरारापुरती. एरवी एक सांगलीकर, एक अकोलेकर, एक लातूरकर आणि चौथा नुसताच 'नवा'. हा चौथा दर चार-सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे त्याला गाव चिकटायला सवड मिळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या लेखी मात्र चौघंही 'ते नाटकवाले'. पाण्याची मोटर जळाली तरी पहिला संशय तिसऱ्या मजल्यावर.

सांगलीकर त्यांच्यातला ज्येष्ठ. किती ज्येष्ठ ते विचारू नये. विचारलंच तर तो वय न सांगता '24 ते 32' असा पट्टा सांगतो, म्हणजे या पट्ट्यातला कुणीही तो दिसू शकतो. उंचीला पट्टा नाही. तिथे तो सरळ एक इंच वाढवतो.

नट असण्याच्या आधी तो सांगलीचा आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, तेव्हापासून मराठी नाटक ही सांगलीकरांची खासगी मालमत्ता आहे आणि बाकीचा महाराष्ट्र ती भाड्याने वापरतो, अशी त्याची ठाम समजूत. देवल आमच्या हरिपूरचे, खाडिलकर आमच्या सांगलीचे, ही यादी तो अशा सुरात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, मंडळी अजून त्याच्याच गल्लीत राहतात आणि संध्याकाळी भडंग खायला कट्ट्यावर येतात. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, तो यच्चयावत कास्टिंगवाल्यांना शुभेच्छा पाठवतो. उत्तर म्हणून बहुतेकांचा नुसता अंगठा येतो. तो अंगठाही तो जपून ठेवतो, 'ओळख आहे' म्हणून.

बिघडला तो पुण्यात. घरच्यांनी इंजिनिअरिंगला पाठवलं आणि पोरगं गेलं पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीला. ही स्पर्धा 1963 पासून चालू आहे, तेव्हा तिने किती घरांचे इंजिनिअर पळवले असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. भरत नाट्य मंदिरात, 'आव्वाज कुणाचा' म्हणून छप्पर उडवणाऱ्या पोरांसमोर, याला अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं. आईचं अजून म्हणणं आहे की, परीक्षकांनी त्या दिवशी जरा हात आखडता घेतला असता तर पोरगं आज हिंजवडीत असतं. पुढे 2022 साली परीक्षकांनी खरोखरच हात आखडता घेतला. एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. नाटकवाल्यांत खळबळ उडाली. सांगलीकराने जिलबी आणली. "अख्खी स्पर्धा नॉट फिट! आता बोला." त्या रात्री तो पुष्कळ दिवसांनी गाढ झोपला, असं अकोलेकर सांगतो.

'नॉट फिट' हे दोन शब्द आरामनगरचे. वर्सोव्याला ही जागा आहे. बैठ्या घरांच्या रांगा, घराघरात ऑडिशनचा स्टुडिओ आणि बाहेर गल्लीत भिंतींशी बोलणारी माणसं. एक जण भिंतीची माफी मागत असतो, तर शेजारचा त्याच भिंतीला 'हे लग्न होणार नाही' म्हणून दरडावत असतो. सांगलीकर अंधेरीहून मेट्रोने तिथे जातो. पिशवीत दोन शर्ट असतात, एक निळा, एक मरून. कॅमेऱ्याला पांढरा चालत नाही, चौकडा चालत नाही आणि छातीवर काही लिहिलेलं तर मुळीच चालत नाही. दारातला पोरगा त्याला वरून खाली एकदाच बघतो आणि म्हणतो, "नॉट फिट." कधी आत सोडतो. आत गेल्यावर नाव सांगायचं, उंची सांगायची, डावा गाल, उजवा गाल, मग दोन्ही हात पुढून-मागून दाखवायचे. देवल-खाडिलकरांचा वारस निमूट तळहात पुढे करतो.

दारातल्या त्या पोराला मात्र तो मनापासून मानतो. "दोन शब्दांत मोकळं करतो, काका. बाकी कोण करतं?"

यात तथ्य आहे. या धंद्यात नकार कळवायची पद्धतच नाही. लग्नाच्या बाजारातसुद्धा 'पत्रिका जुळत नाही' एवढा निरोप येतो. इथे ऑडिशन झाली की 'छान केलंत, कळवतो' म्हणतात. गाडी थोडी पुढे सरकली तर 'शॉर्टलिस्ट आहात'. मग 'चॅनेलला पाठवलंय'. आणि सगळ्यात वरची पायरी, 'तारखा मोकळ्या ठेवा'. सांगलीकर तारखा मोकळ्या ठेवतो, चुलतभावाच्या लग्नालाही जात नाही, आणि त्यापुढे फोन वाजतच नाही. 'नाही' असं कुणीच म्हटलेलं नसतं. नकार पचवून पुन्हा उभं राहिलेल्या माणसांच्या मुलाखती आपण दिवाळी अंकात वाचतो, पण पचवायला तो आधी पानात पडावा लागतो. सांगलीकराच्या हिशेबाने त्याच्या आजवरच्या सगळ्या भूमिका अजून चॅनेलकडेच आहेत. लोक याला जिद्द म्हणतात. मला ही निव्वळ कारकुनी अडचण वाटते.

खरी बातमी लागते ती खानावळीत. कोपऱ्यातल्या टीव्हीवर प्रोमो लागतो आणि याने मोकळ्या ठेवलेल्या तारखांना भलताच कुणीतरी शूटिंग करून आलेला दिसतो. सांगलीकर उरलेली पोळी पानातच ठेवून उठतो. ही एक पोळी म्हणजे त्याचा शोक. त्यानंतर रूमवर चौकशी समिती बसते. निष्कर्ष ठरलेले आहेत. 'त्याचे फॉलोअर्स जास्त.' 'चॅनेलला ओळखीचा चेहरा हवा होता.' सर्वांत आवडतं कारण म्हणजे 'उंचीत गेलं', कारण त्यावर इलाज नाही आणि दोषही नाही. अभिनय कमी पडला असेल, हे कारण त्या खोलीत आजवर कुणी उच्चारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर निळी चादर टांगलेली असते. अकोलेकर मोबाइल धरून उभा, आणि समोरच्या नायिकेची वाक्यं वाचायला लातूरकर. लातूरकराचा आवाज खर्जातला आहे. तो सकाळी आठला "मला असं सोडून जाऊ नकोस, मी आई होणार आहे" म्हणतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरातलं पीठ मळणं थांबतं.

रविवारी सांगलीहून फोन येतो. वडील जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. फोन स्पीकरवर आणि खिडक्या उघड्या, तेव्हा आम्ही ऐकतो असं नाही, ऐकू येतं. बापलेकांचा वाद वर्षानुवर्षं एकच. गंमत अशी की दोघांचे साक्षीदारही एकच.

"अशोक सराफांचं बघा," सांगलीकर म्हणतो.

"स्टेट बँकेत होते. नोकरी सांभाळून केलं सगळं."

"अमोल पालेकर."

"बँक ऑफ इंडिया."

"घाणेकर."

"दातांचे डॉक्टर."

"डॉक्टर लागू तर चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नट झाले."

"त्याआधी कान-नाक-घशाचे सर्जन झाले. तू आधी कशाचाही हो."

मराठी रंगभूमीवर सगळेच कसे बँकेत नाहीतर दवाखान्यात होते, हे माझ्याही लक्षात इथेच आलं. सांगलीकर मग नाइलाजाने हिंदीत शिरतो. "नवाजुद्दीन 'सरफरोश'मध्ये इवल्याशा कामात दिसला 1999 साली. 'गँग्ज ऑफ वासेपूर' आला 2012 साली. धीर धरला माणसाने."

पलीकडे क्षणभर आवाज नाही. लेखा विभाग हिशेब करतोय.

"तेरा वर्षं म्हणजे 156 भाडी झाली," वडील म्हणतात. "घे, आईशी बोल."

गेल्या वर्षी मात्र चमत्कार झाला. सांगलीकडची मालिका येणार होती. नायक तालमीतला पैलवान, कृष्णाकाठचा, रांगडा वगैरे. सांगलीकराने ऑडिशन दिली. शॉर्टलिस्ट झाला. चॅनेलकडे गेलं. तारखा मोकळ्या ठेवल्या. आणि चक्क फोन आला! "तुमची भाषा सगळ्यांना फार आवडली," निर्मितीवाल्या बाई म्हणाल्या. "हीरो फायनल झालाय. डोंबिवलीचा आहे. त्याला भाषा शिकवाल का?"

मी असतो तर फोन भिंतीवर मारला असता. म्हणूनच मी तिसऱ्या मजल्यावर राहत नाही. सांगलीकराने विचारलं, "दिवसाचे किती?" आकडा ठरला. पैसे धंद्याच्या रिवाजाप्रमाणे 90 दिवसांनी.

घोडबंदर रोडच्या एका बंगल्यात कृष्णाकाठ उभा केलेला होता. डोंबिवलीकर गुणी निघाला. याला 'सर' म्हणायचा, वहीत लिहून घ्यायचा. "'कुठे चाललास रे' नव्हे, 'कुठं निघालायस लगा'. लगा म्हणताना आवाज चढवायचा नाही, ते प्रेमानं असतं." पोराने आठवड्यात भाषा उचलली. मग दिग्दर्शकाने ती ऐकली आणि म्हणाला, "अजून गावठी करा. 'आवं' टाका, 'व्हय जी' टाका, दोन-चार 'म्या' टाका."

"सांगलीत असं कुणी बोलत नाही," सांगलीकर म्हणाला.

"प्रेक्षकाला वाटतं ना, बोलतात म्हणून?"

याला आजवर उंचीपायी, रंगापायी, फॉलोअर्सपायी डावललं होतं. त्या दिवशी अख्खी सांगलीच नॉट फिट ठरली. तो चहाच्या टेबलाकडे गेला, दोन कप प्यायला, परत आला आणि डोंबिवलीकराला म्हणाला, "दर तिसऱ्या वाक्याला एक 'आवं' टाक. बाकीची दोन माझी."

मालिका चालली. सांगलीत आई रोज रात्री बघायला लागली. मुलाने या कामाबद्दल घरी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण 'मास्तर झालो' म्हटलं की वडील लगेच बी.एड.ची चौकशी करणार. एका रविवारी आईच म्हणाली, "त्या पैलवानाचं बोलणं अगदी तुझ्यावानी हाय बघ. कुठला म्हणायचा पोरगा?"

"डोंबिवलीचा."

"मग कुणीतरी लई चांगलं शिकवलंय."

हे वाक्य त्याने तिन्ही रूममेट्सना, आम्हाला, वॉचमनला आणि खानावळीच्या शेट्टींना सांगितलं. त्याच्या आयुष्यातली ती पहिली समीक्षा होती. छापील नसली तरी समीक्षक अनेक वर्षं मालिका बघणारा होता.

नाव झालं की कामं येतात. त्याच निर्मितीसंस्थेतून दोन महिन्यांपूर्वी पुन्हा विचारणा झाली. नवी मालिका, गोष्ट वऱ्हाडातली. "वऱ्हाडी येतं का तुम्हाला?"

"येतं," सांगलीकर म्हणाला. ऑडिशनच्या दारात दुसरं उत्तर नसतं. घोडेस्वारी येते, बुलेट येते, पोहणं येतं. पोहायला तो खरोखर शिकला, पण कोळ्याची ती भूमिका दुसऱ्याला गेल्यानंतर.

तेव्हापासून रात्री अकरा ते एक वरून शिकवणीचा आवाज येतो. अकोलेकर मास्तर, सांगलीकर विद्यार्थी, फी रोज एक थाळी. "'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काहून'. आणि ते 'लगा' आधी डोक्यातून काढ." परवा जिन्यात अकोलेकर भेटला. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, वऱ्हाडी तुझी. शिकवायला तूच का गेला नाहीस?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मी कसा जाईन, काका? त्याच मालिकेच्या हीरोसाठी माही ऑडिशन झाली ना! मास्तर म्हणून एकदा आत गेलो का मास्तरच राहीन मी. त्याचं नाही पाह्यलं का तुम्ही?"

"मग काय म्हणाले?"

"शॉर्टलिस्ट हाय. चॅनेलकडे गेलं. तारखा मोकळ्या ठेवा म्हणे."

"ठेवल्यास?"

"हो ना. म्हणून तं रोज रात्री शिकवून राह्यलो त्याले."