दोन अंश कमी

सरकारला शिक्षक बदलावेसे वाटले की आधी माझ्यासारख्याला 'सुलभक' करतात. सुलभक म्हणजे वरच्या प्रशिक्षणात स्वतः डुलक्या काढून खालच्या प्रशिक्षणात दुसऱ्यांना त्या काढू न देणारा शिक्षक. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद आणला, पुढे शाळांच्या फरशांवर रंगीत गोल-चौकोन उमटले. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, पाठोपाठ वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानांत आल्या. मग 2020 चं धोरण, मग 2024 चा राज्य आराखडा. दर वेळी टाचणवही बदलली. मी तोच.

यंदा नाशकात विज्ञान शिक्षकांना घेऊन जुने पाठ 'क्षमताधिष्ठित' करायचे होते. दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाणा, सगळीकडचे गुरुजी आणि मॅडम आल्या होत्या. सुरुवातीला मी होशंगाबादचा दाखला दिला. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्याच्या खेड्यांत 1972 पासून मुलं स्वतः प्रयोग करत विज्ञान शिकली. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण एवढ्या खोलात मी जात नाही.

नमुना पाठ म्हणून मी पाण्याचा उत्कलनबिंदू घेतला होता. चंचुपात्र, तिवई, स्पिरिटचा दिवा, थर्मामीटर. घोटाळा व्हायला जागाच नाही. पडद्यावर स्लाईड होती : 'उत्तर सांगू नका, मुलांना शोधू द्या.' तिच्या पुढची स्लाईड : 'उत्तर – 100 अंश सेल्सिअस.'

पाणी खळखळा उकळू लागलं. पारा 98 वर जाऊन जो बसला, तो हलेना. मी वात वर केली. वाफ वाढली, पारा ढिम्म.

"थर्मामीटर खराब आहे," मी जाहीर केलं.

दुसरा आणला. 98. "एकाच लॉटमधले दिसतात." निफाडच्या गुरुजींनी पिशवीतून त्यांच्या शाळेचा काढला. तोही 98. तेव्हा मी पाण्यावर संशय घेतला. गंगापूर धरणाचं पाणी, क्षार असणार, असं म्हणून बसलो. क्षारांनी उत्कलनबिंदू वाढतो, हे मी स्वतः आयुष्यभर शिकवलंय.

सुरगाण्याच्या मॅडमनी हात वर केला. "सर, नाशिक समुद्रसपाटीपासून किती उंच?"

"हा प्रश्न भूगोलाचा आहे," मी म्हणालो.

पण तोवर मागच्या बाकांवर हिशेब सुरू झाला होता. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळमानाने दर 300 मीटरला एक अंश घटतो. पुस्तकातलं 100 समुद्रसपाटीच्या दाबाचं, आपलं 98 बरोबर! सप्तशृंगगडावर मग 96 च्या आसपास. "तरीच गडावर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही," एक मॅडम म्हणाल्या. पेठच्या गुरुजींनी तिथेच ठरवून टाकलं, की प्रत्येकाने आपापल्या शाळेत मुलांकडून पाणी उकळून घ्यायचं, आकडे गोळा करायचे आणि उंची-तापमानाचा आलेख मुलांनीच काढायचा. भूगोलाचे सर, गणिताच्या मॅडम, सगळे एका पाठात. आराखड्यात ज्याला आंतरविद्याशाखीय की काय म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या मदतीवाचून चाललं होतं.

मी घड्याळ पाहिलं. माझी 'शोधाचा आनंद' ही स्लाईड अजून व्हायची होती. नाइलाजाने चर्चा थांबवून ती दाखवली. तीत एक मुलगा भिंगातून फुलपाखरू पाहत होता.

संध्याकाळी प्रतिसाद पत्रकं गोळा केली. 'सुलभकांविषयी मत' या रकान्यात बहुतेकांनी रीतीप्रमाणे 'उत्तम' लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं : 'थर्मामीटर तिन्ही चांगले आहेत. बदलू नयेत. सुलभकांचा विचार व्हावा.'