अध्यक्षांचा गाल आणि इतर फॉरमॅट

सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत ‘यांना कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी ख्याती मिळवायला फारसं कर्तृत्व लागत नाही. बंद पडलेल्या प्रिंटरची पिन प्लगमध्ये नीट खोचली तरी पुरतं. माझी ख्याती याच पराक्रमातून झाली, आणि वाचनालयाची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा ‘फोटोबिटोचं तुम्ही बघा’ असं म्हणून ते खातं माझ्या गळ्यात पडलं. वेबसाइट पुण्यातला माझा भाचा फुकट करून देणार होता. ‘फुकट’ हा शब्द कानावर पडताच खजिनदारांनी सूचना मांडली आणि अनुमोदन द्यायलाही तेच उभे राहिले.

भाच्याचा पहिला प्रश्न होता, “मामा, इमेजेस कुठल्या फॉरमॅटमध्ये देणार आहेस?”

“चांगल्या,” मी म्हणालो.

फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या सुरात म्हणाला, “आधी तुमच्याकडे काय काय आहे ते सगळं पाठव.”

फोटो द्या, असं आवाहन केल्यावर जे जमा झालं त्याला संग्रह म्हणावं की पंचनामा, ते ठरेना. कार्यवाहांनी सगळे फोटो वर्डच्या एका फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवले होते आणि शेवटी ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’ असं लिहिलं होतं. एका सभासदाने वर्धापनदिनाचे फोटो झेरॉक्सवाल्याकडून पीडीएफ करून आणले, कारण तसे ते ‘एकत्र राहतात’. वाचनालयाचं बोधचिन्ह फ्लेक्सवाल्याकडे होतं आणि फ्लेक्सवाल्याकडे जगातली प्रत्येक गोष्ट असते तशी सीडीआरमध्ये होतं. बोधचिन्हात उगवता सूर्य, उघडं पुस्तक आणि समई, असं तिन्ही आहे. उजेडाच्या बाबतीत आमच्या संस्थापकांनी कसर ठेवलेली नव्हती.

उपाध्यक्षांच्या अमेरिकेतल्या मुलाने आयफोनमधून फोटो पाठवले. त्यांच्या नावापुढे ‘एचईआयसी’ अशी शेपटी होती. अ‍ॅपलने २०१७ साली फोनमध्ये हा प्रकार आणला. फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. वाचनालयाचा संगणक त्याच्या बऱ्याच आधीचा. त्याने या पाहुण्यांना ओळख दाखवली नाही. उपाध्यक्षांनी त्यावर शक्कल लढवली आणि प्रत्येक फाइलचं नाव बदलून पुढे ‘जेपीजी’ लिहिलं. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येतं, रक्तगट बदलत नाही. फाइल आधी उघडत नव्हती. आता खोटं नाव सांगून उघडत नव्हती.

आणि अध्यक्षांचा फोटो. तो स्टुडिओत, सफारी घालून, पुस्तकांच्या कपाटासमोर काढलेला होता. फाइलबरोबर निरोप होता : ‘क्वालिटी अजिबात कमी होता कामा नये.’

भाचा शनिवारी गावी आला तेव्हा त्याला सरळ सभेतच बसवला. त्याने सुरुवात हिशेबाने केली, हे शहाणपणाचं झालं, कारण खजिनदार जागे झाले. फोटो रुंदीला चार हजार ठिपके, उंचीला तीन हजार. म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. काहीही न आवळता जशाच्या तसा ठेवला, तर एकटे अध्यक्ष छत्तीस एमबी.

“एवढे?” खजिनदारांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

“कॅमेऱ्याने जेपेग केलंय म्हणून ते आत्ता पाचात आहेत. वेबसाइटवर एवढ्याचीही गरज नाही. रुंदी बाराशे ठिपक्यांवर आणून पुन्हा जेपेग केलं तर दोनेकशे केबीत बसतील. फाटकाबाहेर उभ्या माणसाच्या मोबाइलवरसुद्धा लगेच उघडतील.”

जेपेग हे मुळात एका समितीचं नाव आहे. छायाचित्रांच्या जाणकारांची संयुक्त समिती १९८६ साली बसली आणि १९९२ साली तिचं मानक आलं. समिती बसते, काम करते आणि त्यातून वस्तू बाहेर येते, हे ऐकून आमच्याकडे थोडी अस्वस्थता पसरली. पण खरी दाद मिळाली ती त्यामागच्या गणिताच्या गोष्टीला. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी जेपेगच्या मुळाशी असलेल्या गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नामंजूर झालं. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम तसंच पुढे नेलं, १९७४ साली निबंध छापून आला, आणि आज जगातला जवळपास प्रत्येक फोटो त्या सोप्या कल्पनेतून जातो. आमचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं. ‘अ’ वर्गाचा प्रस्ताव कधीपासून कुठल्याशा टेबलावर आहे. अनुदान नाकारलेला माणूस म्हटल्यावर अख्खी कार्यकारिणी नासिर अहमदांच्या बाजूने उभी राहिली. कार्यवाह तर निषेधाचा ठराव घ्यायला निघाले होते.

“पण हे जेपेग करतं काय?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं. सभेत कामाचा प्रश्न बहुधा त्याच विचारतात.

फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ छटा किती आणि बारीक चढउतार किती, याचा हिशेब मांडायचा. ढोबळ ठेवायचं, बारीक बरंचसं सोडून द्यायचं. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधार बारकाईने कळतो, रंग मात्र जाडाभरडा कळतो; म्हणून रंगांची माहिती बहुतेक वेळा पाव हिश्शावरच आणायची. जे गेलं ते कायमचं गेलं.

“म्हणजे माझ्यातलं काय जाणार?” अध्यक्षांचा आवाज चढला.

“फारसं काही नाही. कापडाचा पोत, केसांचा बारीक तपशील, सुरकुत्या...”

“सुरकुत्या जाणार?”

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. क्वालिटी अजिबात कमी होता कामा नये म्हणणारा माणूस, ती आणखी किती कमी करता येईल, याची चौकशी करू लागला. भाच्याने लॅपटॉपवर आकडा ऐंशीवरून साठावर आणला. अध्यक्ष आठ-दहा वर्षांनी लहान झाले. चाळिसावर त्यांना निवडणुकीच्या वेळचे दिवस आठवले. “अजून घ्या, घ्या,” ते म्हणत राहिले. दहावर त्यांच्या गालावर ते आठ बाय आठचे चौकोन उघडे पडले आणि मागची पुस्तकं एकमेकांत मिसळून कपाटात चिखल झाला. खजिनदारांना मात्र हाच फोटो सर्वांत पसंत पडला. तो वीस केबीत होता.

चर्चेला ऊत आला तो इथून. आपल्याकडे कुठलीही संस्था काहीही सोडायला तयार नसते. बुरशी लागलेले अहवालसुद्धा आम्ही माळ्यावर ठेवतो. आणि हा मुलगा विचारत होता, काय काय टाकायचं ते सांगा.

युवा प्रतिनिधींना काही टाकायचं नव्हतं, हलवायचं होतं. त्यांचं वय अठ्ठेचाळीस. मुख्य पानावर समईची ज्योत हलती हवी आणि सूचनेशेजारी लुकलुकणारं ‘नवीन’ हवं. सरकारी संकेतस्थळांवर असतं तसंच, चार वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या निविदेपुढे अजून डोळे मिचकावणारं. ही करामत जीआयएफची. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली हा प्रकार काढला. एका चित्रात रंग फक्त २५६. ‘नवीन’ लिहायला ते चिक्कार होतात. अध्यक्षांना पुरेनात. गालावरची छटा पायऱ्यापायऱ्यांनी उतरू लागली आणि त्यांचा चेहरा महाबळेश्वरच्या नकाशासारखा दिसू लागला, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट.

या जीआयएफच्या पोटात फाइल आवळण्याची जी युक्ती होती, तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे निघालं. लोक सात वर्षं बिनधास्त वापरत होते. १९९४ च्या अखेरीस, ती वापरणारी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आता पैसे भरावेत, असं जाहीर झालं. संगणकवाले भडकले. १९९९ साली ५ नोव्हेंबरला ‘सगळ्या जीआयएफ जाळा’ असा दिवससुद्धा पाळला गेला. पण त्या रागातून एक चांगलं निघालं, ते म्हणजे पीएनजी. थॉमस बुटेल यांनी १९९५ च्या जानेवारीत पहिला आराखडा मांडला आणि १९९६ साली मानक तयारही झालं. पैसे मागितल्यावर पर्यायी व्यवस्था दीडएक वर्षात उभी राहते, ही गोष्ट खजिनदारांनी वहीत लिहून घेतली.

पीएनजी एकही ठिपका गमावत नाही. बोधचिन्ह, आकृती, अक्षरं असलेलं चित्र, सपाट रंग यांना ती उत्तम. शिवाय तिला मागे काहीच नसणं जमतं. जेपेगला ते जमत नाही. आमचं गोल बोधचिन्ह जेपेगमध्ये हिरव्या पट्टीवर ठेवलं, तर भोवती पांढरा चौकोन घेऊनच आलं असतं. (इंटरनेटवर पारदर्शक म्हणून मिळणाऱ्या चित्रांत पुष्कळदा मागचे करडे-पांढरे चौकोन छापलेलेच असतात. ती चढवणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं, मला जाणून घ्यायचं आहे.) पण तीच पीएनजी स्टुडिओतल्या फोटोला लावली, तर सफारीचा धागान् धागा जपायच्या नादात फाइल जेपेगच्या कित्येक पट फुगते.

बोधचिन्हाला भाच्याने शेवटी पीएनजीही दिली नाही. त्याने एसव्हीजी सुचवली. हे काय असतं, ते बाईंना पटकन कळलं. रांगोळीचा फोटो काढण्याऐवजी ‘नऊ ते नऊ ठिपके, मधून अशी रेघ’ असं सांगून टाकायचं. मग ती पाटापुढे काढा नाहीतर मंदिराच्या पटांगणात, रेघ फाटत नाही. फाइल म्हणजे नुसता मजकूर, काही केबींची. फ्लेक्सवाल्याच्या सीडीआरमधून ती काढताही येत होती. फक्त फ्लेक्सवाल्याने फोन उचलायला हवा होता.

सगळ्यात कडाक्याचा वाद सूचनाफलकावर झाला, आणि मला विचाराल तर तोच एक महत्त्वाचा होता. आमच्या सूचना कार्यवाह पिवळ्यावर लाल अक्षरांत करून घेतात आणि जेपेग म्हणून पाठवतात. जेपेग आधीच रंगांच्या बाबतीत हात आखडता घेणारं. त्यात लाल-पिवळ्याच्या कडा पाघळतात. देवनागरीचे तर हालच. प्रत्येक अक्षराभोवती बारीक धूळ उठते आणि त्या धुळीतला एखादा कण बरोबर अनुस्वाराच्या जागी बसतो. मागे एका सूचनेत ‘वर्गणी भरावी’च्या डोक्यावर असा ठिपका पडला आणि एक ज्येष्ठ सभासद शुद्धलेखनाची तक्रार घेऊन आले. वर्गणी भरून गेले नाहीत.

“पीएनजी करू मग,” कार्यवाह म्हणाले.

“काहीच करू नका,” भाचा म्हणाला. “टाइप करा. मजकूर चित्रात गेला की शोधताही येत नाही आणि अंध वाचकाचं यंत्र तो वाचूही शकत नाही. आणि जे फोटो ठेवाल त्यांच्यामागे चित्रात काय आहे, याची एक ओळ लिहा.”

कार्यवाहांची अडचण खरी होती. आमचा डीटीपीवाला जुन्या फॉन्टात टाइप करतो. त्याच्या दुकानात ते मराठी असतं; दुसऱ्या संगणकावर गेलं की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची मिसळ होते. महाराष्ट्रातल्या निम्म्या सूचना चित्र होऊन का फिरतात, याचं कारण या फॉन्टांत आहे. युनिकोडमध्ये टाइप करायचं काम शेवटी ग्रंथपाल बाईंकडे गेलं, जसं ते बाकी सगळं जातं.

वेबपी आणि एव्हीआयएफ हे दोघे अगदी शेवटी आले, वडे संपल्यावर. वेबपी गूगलने २०१० साली आणलं. जेपेगपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जागा वाचते, असं गूगल म्हणतं. मागे काही नसणंही जमतं आणि हलणंही. सफारी ब्राउझरने ते २०२० साली स्वीकारल्यापासून अडचण राहिलेली नाही. एव्हीआयएफ त्याहून नवं आणि बहुधा त्याहून लहान. भाच्याचा बेत असा, की प्रत्येक फोटो तिन्ही रूपांत ठेवायचा. ब्राउझर यादी वरून वाचत येतो आणि आपल्याला समजणारं पहिलं उचलतो. काहीच नवं कळत नसलेल्याला जेपेग.

“एका फोटोच्या तीन प्रती?” बाईंनी पेन खाली ठेवलं. “तिन्हींना वेगळा दाखल क्रमांक द्यायचा का?”

यावर आमच्याकडे नियम नव्हता. पण संस्थापकांच्या जुन्या फोटोचा निकाल बाईंनीच लावला. त्याचं स्कॅन टिफमध्ये होतं, अवाढव्य. कोणी म्हणे आवळा, कोणी म्हणे तसंच चढवा. बाई म्हणाल्या, “दुर्मीळ पुस्तकाचं आपण काय करतो? मूळ प्रत कपाटात, वाचकाला झेरॉक्स.” टिफ कपाटात गेलं, वेबसाइटवर त्याची लहान प्रत गेली. एवढं नीट तर भाच्यालाही सांगता आलं नव्हतं.

ठराव सर्वानुमते झाला : छायाचित्रे वेबपीमध्ये, सोबत जेपेग, बोधचिन्ह एसव्हीजीमध्ये, सूचना मजकुरात, लुकलुकणारे ‘नवीन’ फक्त वर्धापनदिनाच्या सप्ताहात, अध्यक्षांचे छायाचित्र क्वालिटी साठ. वेबसाइट ठेवायच्या इंटरनेटवरच्या जागेच्या वार्षिक भाड्यालाही त्याच ठरावात मंजुरी मिळाली. कार्यवाहांनी तो इतिवृत्ताच्या वहीत लिहिला, ट्यूबलाइटखाली वहीचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. उपाध्यक्षांनी स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, युवा प्रतिनिधींनी त्याचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवला. वही आता कार्यवाहांबरोबर लेकीकडे नाशिकला आहे. खजिनदारांच्या मते मंजूर रक्कम १,५०० आहे. भाच्याला ती ९,५०० दिसते.