वादे वादे जायते ब्लॉक

वैशाख पौर्णिमेची सकाळ. विहारात अजून मेणबत्ती लागायची होती, तोवर सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छा येऊन धडकल्या: विष्णूच्या नवव्या अवताराच्या जयंतीनिमित्त सर्वांना नमस्कार. खाली कमळ, त्याखाली जोडलेले हात आणि त्याखाली 'कृपया वाद नको'.

वाद नको म्हटल्यावर कोण गप्प बसतं? शिवाय प्रकरण साधं नव्हतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकी या अवतारालाच नकार देते. ज्याच्या घरात त्या प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, त्याने 'सेम टू यू' लिहून खीर खायला बसावं, ही अपेक्षा जरा जास्तच. 'सणासुदीला वाद कशाला' असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं बहुधा आधीच बोलून झालेलं असतं. मी उतरलो. खीर गार झाली.

बुद्धांचं वादाशी वाकडं नव्हतं. 45 वर्षं ते गावोगावचे प्रश्न झेलत हिंडले. चर्चेला लायक कोण, याची कसोटीच अंगुत्तर निकायात दिलेली आहे. प्रश्न विचारला की विषय बदलणारा नालायक. चिडणारा नालायक. समोरच्याला दडपणारा, त्याची टर उडवणारा, बारीकशी चूक पकडून बसणारा, तोही नालायक. मी खुशीत एकेक कलम समोरच्या काकांना लावत गेलो. शेवटच्या कलमाशी अडखळलो. काकांनी 'सिद्धार्थ'मधली सि दीर्घ काढली होती आणि त्यावर तीन मेसेज मीच टाकले होते.

मग शिव्या आल्या. येतातच. राजगृहात एक भारद्वाज ब्राह्मण बुद्धांना शिव्या देत आला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं होतं: तुझ्याकडे पाहुणे आले आणि त्यांनी वाढलेलं घेतलं नाही, तर ते अन्न कोणाचं? माझंच, तो म्हणाला. मग या शिव्याही तुझ्याच, बुद्ध म्हणाले. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो. स्वतःला शिवी आली की मात्र तिचा स्क्रीनशॉट काढतो आणि चार ग्रुपांवर वाढतो. एकट्यासाठी आलेलं ताट. पंगत उठते दोनशेची.

वाद कसा घालावा, याचा सर्वांत देखणा करार झाला तो ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात. नागसेन म्हणाले, पंडितांसारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा नको. पंडित चूक दाखवली तर मान्य करतात, रागावत नाहीत. राजे मात्र विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पंडित होणं कबूल केलं, पुष्कळ प्रश्न विचारले आणि उत्तरं पटली तेव्हा पटली म्हणाला. बाबासाहेबांच्या तेव्हाच्या औरंगाबादेतल्या कॉलेजाला नाव आहे ते या मिलिंदाचं, म्हणजे वादात हरलेल्याचं. असा मान हरणाऱ्याला क्वचितच मिळतो. आता राजेशाही संपली आणि प्रत्येकाच्या हातात ब्लॉकचं बटण आलं. दुपारी दोन वाजता काकांनी मला देशोधडीला लावलं. मी त्यांना त्याआधी दहा मिनिटं लावून बसलो होतो.

या सगळ्या धामधुमीत आमच्या बाजूचा लाडका मेसेज फिरतच होता, कालाम सुत्ताचा: कोणी सांगितलं म्हणून मानू नका. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी अशा दहा गोष्टी मोजून दिल्या. ऐकीव आहे म्हणून नको, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको. त्या दहांत 'तर्काला पटतं म्हणून' आहे, आणि 'सांगणारे आमचे गुरू आहेत म्हणून' हेही आहे. आमच्या मेसेजात या शेवटच्या दोन बसत नाहीत. जागा अपुरी पडते.

संध्याकाळी मी एक आगाऊपणा केला. आमच्या विहाराच्याच ग्रुपवर कोणाचंही नाव न घालता एक शंका टाकली. म्हातारा, आजारी आणि प्रेत सिद्धार्थाला 29 व्या वर्षी पहिल्यांदा दिसले आणि म्हणून त्याने घर सोडलं, हे पटतं का? तोवर त्याच्या घरात कोणी म्हातारं झालंच नव्हतं?

पाच मिनिटांत मी 'त्यांचा माणूस' ठरलो. एकाने विचारलं, किती मिळाले? दुसऱ्याने मला उद्देशून कालाम सुत्त पुन्हा टाकलं. मग मी सांगितलं की शंका माझी नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली इंग्रजीत आला, त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच ती मांडली आहे. म्हणून तर त्यांचा सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणात, युद्धाला विरोध केल्यामुळे. परक्या घराची झडती घेण्याआधी त्यांनी स्वतःच्या घरातलं कपाट उघडलं होतं.

क्षणभर सामसूम. मग निळ्या हृदयांचा पाऊस. 'एकदम रास्त शंका, सर!' शंका तीच, शब्द तेच. फक्त खाली नाव आलं होतं.

स्क्रीन वर सरकवली. हृदयांच्या जरा वर कालाम सुत्त तसंच होतं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत: अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं.