फॅनला बटण लावून देणाऱ्या मिस्त्रींना खुले पत्र

मिस्त्री,

तुमच्या स्कॅनरवर माझ्या गाडीच्या इंजिनाचं तापमान उणे ४० अंश दिसत होतं. पुण्यात, जुलैत, नुकत्याच चालवत आणलेल्या गाडीचं. तुम्ही तो आकडा वाचलात, 'पी ०११८' हा कोड वाचलात आणि बॉनेटमध्ये न वाकताच निकाल दिलात, "कूलंटचा सेन्सर गेला, साहेब." इंजिनाला नुसता हात लावला असता तरी चटका बसला असता. एकमेकांशी न जुळणारे दोन पुरावे समोर असताना तुम्हाला एकही प्रश्न पडला नाही, याचा मला मनापासून राग आहे.

त्या कोडचा अर्थ एवढाच, की सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय, म्हणजे कुठेतरी जोड तुटलाय. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सरच्या तारेवर ५ व्होल्ट देतो. इंजिन थंड असताना सेन्सरचा रोध जास्त असतो, तापेल तसा उतरतो, आणि त्या तारेवर किती व्होल्ट उरले यावरून ईसीएम तापमान ठरवतो. तार तुटली की व्होल्ट उतरतच नाहीत, मग त्याच्या लेखी इंजिन बर्फात उभं असतं. तो जोड सेन्सरच्या पोटात तुटलेला असेल, कपलरच्या पिनेत असेल, वायरिंगमध्ये असेल, नाहीतर ईसीएममध्ये. चार जागा. त्यातली जी तुमच्या फळीवर डबीबंद विकायला होती, नेमकी तीच तुम्ही निवडलीत.

नवा सेन्सर बसला, चेक लाइट तसाच. मग तुम्ही थर्मोस्टॅट काढून टाकलात, "आपल्या हवेत याची गरजच नसते" असं म्हणून. गरज असते, मिस्त्री. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ॲव्हरेज पडतो. उणे ४० वाचणारा ईसीएम आधीच बिघडलेल्या हिशेबावर गाडी चालवत होता, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरली होती. त्यात तुम्ही भर घातलीत. तरीही लाइट जाईना, तेव्हा ईसीएम गेल्याचं सांगून त्याची किंमत काढलीत.

आणि ते बटण! सेन्सरचा भरवसा नसला की ईसीएम खबरदारी म्हणून फॅन सतत फिरवतो. तो आवाज नको म्हणून तुम्ही फॅन रिलेवरून काढलात आणि डॅशबोर्डखाली बटण देऊन सांगितलंत, "ट्रॅफिकमध्ये आठवणीने दाबा." माझी बायको ही गाडी घेऊन एकटी ताम्हिणीतून माणगावला माहेरी जाते. या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे, आणि तो दिवा याच सेन्सरच्या सांगण्यावरून लागतो. चढावर पाणी उकळलं असतं तरी दिवा लागला नसता. हेड गॅस्केट जळेपर्यंत तिला काही कळलं नसतं. पैशांचं मी सोडूनही देईन, ही गोष्ट मात्र सोडणार नाही.

दोष शेवटी एका वायरमनने शोधला. साधा मीटर घेऊन. कपलर काढला, चावी ऑन केली, तारेवर ५ व्होल्ट यायला हवे होते, आले शून्य. मग कपलरच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. वायरिंग धड असतं तर स्कॅनरवरचा आकडा तळातून थेट शंभराच्या वर उडाला असता. तो उणे ४०वरच बसून राहिला. म्हणजे सेन्सरचा प्रश्नच नव्हता. त्याने काळी टेप सोलत नेली आणि कपलरपासून वीतभर आत उंदराच्या दातांच्या खुणा सापडल्या, तांबं हिरवं पडून तुटलेलं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटखाली येतात, हे तर गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असतं. तार सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, कोड पुसला. लाइट परत लागला नाही.

तुम्ही बाद ठरवलेला सेन्सर मी घरी आणला होता. तो पातेल्यातल्या पाण्यात धरून मीटर लावला. थंड पाण्यात सुमारे २,००० ओहम. गॅस पेटवला तसा आकडा सलग उतरत गेला, कुठे अडकला नाही, कुठे उडी मारली नाही, आणि उकळी फुटली तेव्हा २००च्या आसपास आला. ठणठणीत होता तो.

तुमचा हात पान्यावर चांगला चालतो, ते मी पाहिलंय. म्हणूनच विचारतो, भिंतीवर टांगलेला तो मीटर उतरवायला काय जड गेलं? पाच मिनिटांचं काम होतं. तुमच्याकडे दोन पोरं शिकायला आहेत, ती तुमचं बघून कोड वाचून पार्ट बदलायला शिकतायत.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. थर्मोस्टॅट परत बसवून हवा, नळाचं पाणी नको, नवं कूलंट भरून आणि सिस्टीममधली हवा काढून. फॅन पुन्हा रिलेवर घ्या, बटण माझ्यासमोर काढा. जुना सेन्सर मी बरोबर आणतोय. तो पोरांच्या हातात द्या आणि मीटर लावून त्यांना आकडा वाचायला सांगा. मग सेन्सरच्या बिलाचं बोलू.